मास्तर काही बोलले नाहीत

मामा : किल्ली दे.

भाची : नाही देत.

मामा : मग निदान सीट तरी मागे घे. स्टेअरिंगला मिठी मारून बसली आहेस. रस्त्यावरच्या माणसाला वाटेल, मीच तुला असं शिकवलं.

भाची : तू मला शिकवलंस तेव्हा माझ्या शेजारी जागा होतास.

मामा : आलं परत तेच. सकाळी इस्पितळातल्या तुझ्या औषधांच्या खिडकीवर एक बाई येते, डोळ्यांत घालायचे थेंब मागते, चार गप्पा मारते, आणि माझी भाची अर्ध्या दिवसाची रजा टाकून माझी शिकवणीची गाडी अडवून बसते. शिकलीसवरलेली मुलगी.

भाची : ती गप्पा मारत नव्हती. रांगेतल्या एकेकाला धरून सांगत होती, की काल पुलापासून बाजारापर्यंत मास्तर एक शब्द बोलले नाहीत. तिचे डोळे भरून आले होते. मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्याने विचारलं, त्यात काय एवढं? तर म्हणाली, तुम्ही आमचे मास्तर पाहिले नाहीत.

मामा : बरोबर बोलली.

भाची : मामा, पुलापासून बाजारापर्यंत. तू. गप्प.

मामा : माणूस गप्प बसू शकत नाही का?

भाची : माणूस बसू शकतो. तू नाही. आईला अँब्युलन्समधून नेत होतो तेव्हा तिचा हात माझ्या हातात देऊन तू पुढच्या ड्रायव्हरवर ओरडत होतास, तिसरा टाक, तिसरा टाक म्हणून.

मामा : तो दुसऱ्या गिअरवर गाडी रडवत होता. तुझी आई वाचली. ते इंजिन वाचलं की नाही, देव जाणे.

भाची : बरं. मग एवढंच सांग. काल त्या पडदे शिवणाऱ्या बाईने कुठे काय चुकवलं?

मामा : काही नाही.

भाची : काही नाही?

मामा : चांगली चालवली. सुधारली आहे.

भाची : आता मात्र माझी खात्री पटली.

मामा : कशाची?

भाची : "चांगली चालवली" हे शब्द तुझ्या तोंडून मी जन्मात ऐकले नाहीत. मी लायसन घेऊन घरी आले तेव्हा तू म्हणालास, परीक्षा घेणारा आंधळा होता का. आणि ही बाई? परवापर्यंत सांगत होतास, ती गिअर असा टाकते की जणू बिळात हात घालून उंदीर पकडायचाय. एका दिवसात उंदीर गेला कुठे?

मामा : शिकतात माणसं. म्हणून तर शाळा काढली आहे मी.

भाची : बँकेमागच्या गल्लीत ती उलटी शिरली. एकेरी वाट आहे ती. समोरून पाण्याचा टँकर आला. तिनेच सांगितलं, हसत हसत. तिला वाटलं, तू मुद्दाम गप्प आहेस, ती हे कसं निस्तरते ते बघतो आहेस. टँकरवाल्याच्या शिव्या खात तिने गाडी मागे घेतली. अख्खी गल्ली. रिव्हर्समध्ये.

मामा : रिव्हर्समध्ये? तिने?

भाची : अख्खी गल्ली.

मामा : कुठे घासली नाही?

भाची : तू मला विचारतोस? तू तिथे होतास. तिच्यापासून एका हाताच्या अंतरावर.

मामा : तिथे कोपऱ्यावर विजेचा खांब आहे. भल्याभल्यांनी तिथे आपले दरवाजे सोलून घेतलेत.

भाची : मामा.

मामा : ऐकू येतं मला. लागला असेल डोळा. दुपारची वेळ, काच तापलेली, पोट भरलेलं. तुझी ती खिडकीवरची माणसं पेंगत नाहीत?

भाची : पेंगणारा माणूस आधी जांभई देतो, डोळे चोळतो, खिडकी उघडतो. त्याला कळतं, आता झोप येते आहे. तुला काय आठवतं?

मामा : पूल आठवतो.

भाची : आणि मग?

मामा : मग बाजार.

भाची : मधलं?

मामा : मधलं कोणीतरी कात्रीने कापून नेलं. बस? झालं समाधान?

भाची : आणि हे पहिल्यांदा नाही. गेल्या रविवारी माझ्याकडे चहा घेत होतास, महापालिकेने खोदलेल्या रस्त्याला शिव्या देत होतास. शिवीच्या मधोमध थांबलास. मला वाटलं, शब्द शोधतो आहेस. नंतर पुढची शिवी आली तेव्हा चहा तुझ्या मांडीवर होता. म्हणालास, हात थरथरला.

मामा : हात थरथरतोच माझा. त्याच्याच तर गोळ्या देतेस तू.

भाची : गोळ्या डॉक्टर देतात. मी पाकीट देते. आणि नव्या गोळीचं पहिलं पाकीट दिलं तेव्हा सांगितलं होतं, डॉक्टरांनीही बजावलं होतं : अशी अचानक झोप लागली तर लगेच कळवायचं आणि गाडीच्या जवळ फिरकायचं नाही.

मामा : तुम्ही दोघांनी पुष्कळ काय काय सांगितलं. मळमळेल, चक्कर येईल, पाय सुजतील, खोलीत नसलेली माणसं दिसतील. एवढं सगळं ज्याने होतं त्याला औषध म्हणायची हिंमत तुमच्याच धंद्यात. मी दारावर पाटी लावली, की इथे गाडी शिकवली जाईल, पण शिकताना पाय मोडेल आणि रस्त्यात नसलेली माणसं दिसतील, तर येईल का कोणी शिकायला?

भाची : तुझ्याबद्दल तुझे विद्यार्थी याहून वाईट सांगतात. तरी लोक येतात.

मामा : कारण माझं औषध लागू पडतं. तुझ्या डॉक्टरच्या औषधाचं नाव काय तर डोपामीन. डोपामीन. अंगाला लावायच्या साबणाचं नाव वाटतं.

भाची : ते गोळीचं नाव नाही. ते तुझ्या डोक्यात बनतं. म्हणजे बनायचं.

मामा : माहीत आहे. टाकीत तेल कमी झालं, वरून तेल ओता. त्या डॉक्टरने मला असंच समजावलं. ज्याला ब्रेकचं तेल आणि इंजिनाचं तेल यातला फरक सांगता येणार नाही, तो मला तेल समजावतो.

भाची : तुला सोपं जावं म्हणून सांगितलं त्यांनी.

मामा : मला सोपं नको. आहे तसं सांग. आणि तू तरी गाडीची उदाहरणं देऊ नकोस. तुला गाडी येत नाही.

भाची : नाही देत. मेंदूच्या आत, अगदी खोल, काळसर पेशींचा एक बारीक पट्टा असतो. त्या पेशी डोपामीन बनवतात. हात उचल, पाय टाक, आता थांब, हे निरोप नीट पोचायला ते लागतं. तुझ्या त्या पेशी मरताहेत. का मरताहेत ते नक्की कोणाला माहीत नाही. निम्म्याच्या आसपास गेल्या तेव्हा कुठे तुझा अंगठा थरथरायला लागला आणि आपल्याला पत्ता लागला.

मामा : निम्म्या मेल्या आणि उरलेल्यांनी काम ओढलं? कोणाला कळू न देता?

भाची : हो.

मामा : चांगल्या होत्या बिचाऱ्या.

भाची : बघ. त्यांना चांगलं म्हणालास. त्यासाठी मरावं लागतं तुझ्याकडे.

मामा : पुढे बोल. डोपामीन कमी आहे तर डोपामीनच का देत नाहीत? सरळ काम सोडून वाकडं करायचं, तेव्हाच फी लावता येते.

भाची : कारण रक्तातून मेंदूत जाताना नाका आहे. डोपामीनला तिथून आत सोडत नाहीत. म्हणून तू पहिल्यापासून घेतोस ती गोळी म्हणजे कच्चा माल आहे. त्याला आत जाता येतं. आत गेल्यावर उरलेल्या पेशी त्याचं डोपामीन बनवतात. त्याच गोळीत दुसरंही एक औषध मिसळलेलं असतं, कच्चा माल अलीकडेच, रक्तात वापरला जाऊ नये म्हणून.

मामा : मालाबरोबर रखवालदार.

भाची : रखवालदार म्हण. पण पेशी कमी होत गेल्या तशी माल साठवायची जागाही गेली. आला, बनवला, संपला. पूर्वी एक गोळी जेवणापासून जेवणापर्यंत पुरायची. आता मध्येच तुझा पाय अडतो.

मामा : अडत नाही. चिकटतो. अडणं वेगळं. मी सांगतो, उचल. पाय म्हणतो, तू कोण? माझाच पाय मला विचारतो, तू कोण.

भाची : म्हणून तर नवी गोळी सुरू केली. ती डोपामीनही नाही आणि कच्चा मालही नाही. ती डोपामीनची नक्कल आहे. डोपामीनच्या खुर्चीत जाऊन बसते आणि मेंदूला वाटतं, डोपामीन आलं. त्यासाठी त्या पेशी जिवंत असण्याची गरज नाही.

मामा : बदली कामगार.

भाची : तोच. फक्त हा बदली कामगार आपल्या खोलीत थांबत नाही. डोपामीनच्या खुर्च्या डोक्यात बऱ्याच ठिकाणी आहेत. झोप-जाग सांभाळणारी खोली आहे, हाव सांभाळणारी खोली आहे. हा तिथेही जाऊन बसतो. म्हणून काही जणांना बोलता बोलता झोप लागते. काही जणांना कसला तरी नाद लागतो आणि आवरता येत नाही. डिकीत काय आहे, मामा?

मामा : जॅक.

भाची : जॅकच्या वर?

मामा : आरसे आहेत थोडे.

भाची : डिकीचं झाकण लागत नाही. मी मघाशी उघडून पाहिलं. बसचे आरसे आहेत, ट्रकचे आहेत, स्कूटरचे आहेत. ही शाळा आहे की आरशांचं दुकान? साधा एक स्क्रू घ्यायला तू दुकानदाराशी तासभर वाद घालणारा माणूस.

मामा : आरसा कधी वाया जात नाही. म्हणजे तेही त्या गोळीनेच?

भाची : असू शकतं. हेही डॉक्टरांना सांगायचं.

मामा : झोप माझी नाही. हौस माझी नाही. मग माझं राहिलं काय?

भाची : तोंड.

मामा : आजपासून बंद ती गोळी.

भाची : स्वतःच्या मनाने एकदम बंद करायची नाही. फार हाल होतात. डॉक्टर हळूहळू उतरवतील, दुसरी देतील. कच्च्या मालाच्या वेळा बदलतील. बनलेलं डोपामीन लवकर मोडू नये म्हणूनही एक गोळी असते. वाटा आहेत, मामा. पण त्यांना कळायला तर हवं. मागच्या वेळी त्यांनी झोपेचं विचारलं तेव्हा काय म्हणालास?

मामा : रात्री छान लागते म्हणालो.

भाची : रात्रीचं विचारलं नव्हतं त्यांनी.

मामा : तुला काय वाटतं, मला अक्कल नाही? ही गोळी आल्यापासून माझा पाय माझं ऐकतो. ब्रेकवर जा म्हटलं की जातो. गोळी काढली की पाय चिकटणार. ठेवली की डोळा मिटणार. आणि या सीटवर बसायला दोन्ही लागतात, गोळीवाली. पाय आणि डोळा. एक हातात देऊन दुसरा काढून घेतात आणि वर विचारतात, आता बरं वाटतंय ना?

भाची : म्हणून लपवलंस.

मामा : सांगून काय झालं असतं? त्याने पेनाचं टोपण काढलं असतं आणि म्हणाला असता, गाडी बंद. त्याचं काय जातं? तो रोज कोणाचं ना कोणाचं काहीतरी बंद करतोच. टपावरच्या त्या पाटीवर माझं नाव आहे. ती उतरवून मी घरात खिडकीशी बसू आणि रस्त्यावरच्यांच्या चुका काढू?

भाची : ते तू तसंही करतोस. मामा, ती बाई काल एकटी होती. तुझ्या पायाशी दुसरा ब्रेक होता आणि त्यावर कोणाचाही पाय नव्हता. तुला माहीत होतं, असं होऊ शकतं. तिला माहीत नव्हतं.

मामा : आली ती. गप्प बस आता.

(पडद्यांच्या शिवणखोलीतून एक बाई येते. गळ्यात मापाची फीत, काखेत उशी. ती मामाच्या बाजूच्या खिडकीशी वाकते.)

पडदेवाली : मास्तर, आधी हे घ्या, आणि नाही म्हणायचं नाही. अय्या, ताई, तुम्हीपण? सकाळी खिडकीवर बोललो आणि आता इथे, म्हणजे उद्याच्या माझ्या परीक्षेची बातमी लांबवर गेली म्हणायची. उशी आहे, मास्तर. पाठीला. एका लॉजच्या पडद्यांचं कापड उरलं होतं, जाडंभरडं आहे पण कितीही घासलं तरी विरायचं नाही. डाव्या बाजूला कापूस जास्त घातलाय.

मामा : का? उजवीकडे संपला?

पडदेवाली : तुम्ही डावीकडे कलता म्हणून. मी बघते ना रोज. बसताना सरळ असता, मग हळूहळू उतरत जाता, सैल टाक्याच्या पडद्यासारखे.

मामा : वा. मी गाडी शिकवत होतो आणि तुम्ही माझं माप घेत होतात.

पडदेवाली : सवय आहे हो हाताची. आणि कालच्यानंतर तर काहीतरी द्यायलाच हवं होतं. काल रात्री मला झोप नाही. घरी गेले आणि सांगितलं, मास्तर एक शब्द बोलले नाहीत. तर आमचे दीर म्हणतात, कंटाळले असतील. म्हटलं, भाऊजी, कंटाळून गप्प बसणारे तुम्ही. मास्तर तसले नाहीत, त्यांना एवढीशी सुरकुती दिसली तरी सबंध पडदा उसवतात. पहिल्या दिवशी मला काय म्हणाला होतात, आठवतं?

मामा : नाही.

पडदेवाली : म्हणालात, बाई, हे शिवणयंत्र नाही, पाय मारत सुटू नका. दुसऱ्या दिवशी म्हणालात, तुमच्यापेक्षा उतारावर सोडलेली रिकामी गाडी बरी, ती निदान मध्येच बंद पडत नाही. मी घरी जाऊन रडले. मग मला हसू आलं. मग ठरवलं, काही झालं तरी या माणसाचं तोंड एकदा बंद करायचं. एक दिवस. परीक्षेच्या आधी एकच दिवस. आणि काल पूल उतरले, सिग्नल गेला, चौक गेला, तुम्ही गप्प. मी मनात म्हटलं, बोलू नका, मास्तर, बोलू नका. आणि तुम्ही नाहीच बोललात.

भाची : बाई, मामाला तुम्हाला काहीतरी सांगायचं आहे.

मामा : मला काही सांगायचं नाही. उशी छान आहे. बाई, आज शिकवणी नको. तुमची तयारी झाली आहे. घरी जा, उद्या परीक्षा द्या.

पडदेवाली : खरंच? तयारी झाली म्हणता? तुम्ही?

भाची : मामा.

मामा : तू मध्ये पडू नकोस.

भाची : मग मी सांगते.

मामा : तू सांगायचं नाहीस. बाई, काल तुम्ही बँकेमागच्या गल्लीत उलट्या शिरलात.

पडदेवाली : हो, ते चुकलंच माझं. मी ताईंनाही म्हटलं, तुम्ही मोठ्या मनाने—

मामा : मी ते पाहिलं नाही. मला आत्ता कळलं. हिच्याकडून.

पडदेवाली : पाहिलं नाही म्हणजे? शेजारीच होतात.

मामा : झोपलो होतो.

पडदेवाली : टँकर आला तेव्हा?

मामा : त्याच्या आधीपासून. पूल उतरला तिथून. नंतर मला थेट बाजारात तुम्ही हँडब्रेक ओढलात तो आवाज आठवतो.

पडदेवाली : मी तुमच्याकडे पाहिलंच नाही. तुम्हीच सांगता, माझ्या तोंडाकडे काय बघता, समोर बघा. मी समोर बघत होते.

मामा : ते बरोबर केलंत.

पडदेवाली : शाळा सुटली होती तेव्हा. पोरं रस्ता ओलांडत होती. मी स्वतःला म्हणत होते, घाबरतेस काय, मास्तरांचा पाय आहे ब्रेकवर. मग पाय कोणाचा होता?

मामा : तुमचा.

पडदेवाली : थांबा जरा. मला नीट राग येऊ द्या.

भाची : बाई, त्यांना आजार आहे, कंपवाताचा. मेंदूतलं एक रसायन कमी पडतं. त्याच्या जागी काम करणारी नवी गोळी सुरू आहे, तिने अशी न सांगता झोप—

पडदेवाली : आजार आहे ते ठाऊक आहे, ताई. मी दिवसभर हातांकडेच बघते, यांचा हात मला पहिल्या दिवशीच दिसला. आजाराचा राग नाही मला. गोळीचाही नाही. यांना आधी कधी अशी झोप लागली होती का?

भाची : लागली होती.

पडदेवाली : आणि तरी बसलात, मास्तर. मला रोज सांगता, आरशात बघा, बाई, आरशात बघा, आरसा काय टिकली लावायला दिलाय का. तुम्ही स्वतः कधी बघितलंत?

भाची : आरशांची त्यांच्याकडे कमी नाही.

मामा : तू गप्प बस.

पडदेवाली : माझ्या आयुष्यात माझ्या कामाला कोणी नावं ठेवली नाहीत असा तो एक दिवस होता. तोही तुम्ही झोपेत काढलात. वर आज म्हणता, तयारी झाली, घरी जा. चुकीचा पडदा घडी करून खपवतात तसं. तुमच्यासारख्या माणसाने. एवढं तोंड वाजवणाऱ्या माणसाने.

मामा : बोला.

पडदेवाली : झालं बोलून.

मामा : मी यापेक्षा जास्त बोललो असतो.

पडदेवाली : मी तुमच्यासारखी नाही.

मामा : परीक्षा पुढे ढकला. महिनाभर थांबा. मी दुसरा शिकवणारा शोधून देतो. त्याच्यात काही अर्थ नाही, पण जागा असतो.

पडदेवाली : का म्हणून ढकलू? ती गाडी मागे घेतली कोणी?

मामा : तुम्ही.

पडदेवाली : विजेचा खांब चुकवला कोणी?

मामा : तुम्हीच. आणि तो कसा चुकवलात, ते मला अजून समजत नाही.

पडदेवाली : तुम्ही तर घरीच होतात म्हणायचं. मग परीक्षा पुढे कशाला? ताई, तुमच्याकडे लायसन आहे?

मामा : आहे. आंधळ्याने दिलेलं.

पडदेवाली : मग तुम्ही या सीटवर बसा, ताई, दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवा आणि मला दाखवून ठेवा, म्हणजे मला कळेल ठेवलाय. मास्तर मागे बसतील. मागे ब्रेक नाही ना?

मामा : मागे काहीच नाही.

पडदेवाली : चालेल. कुठे जायचं ते सांगा. शिकवणीची वेळ आहे माझी, मी गाडी चालवणार.

भाची : डॉक्टरांकडे. मी त्यांची आजचीच वेळ घेतली आहे.

मामा : मला न विचारता?

भाची : विचारलं असतं तर नाही म्हणाला असतास. तिथे मी बोलणार नाही. झोप, कप, आरसे, कालचा रस्ता, सगळं तू सांगायचंस. आणि ते सांगेपर्यंत या सीटवर बसायचं नाही.

मामा : आणि सांगितल्यावर?

भाची : ते मला माहीत नाही. गोळी बदलून झोप गेली तर पाय राहील की नाही, तेही नाही माहीत. खोटं सांगणार नाही तुला.

मामा : एवढी वर्षं शिकवून एवढं तरी शिकलीस. दार उघड.

भाची : उतर ना. थांबलास का?

मामा : उतरलोच आहे. उभा आहे.

पडदेवाली : मागचं दार इथे आहे, मास्तर. दोन पावलं.

मामा : दिसतंय मला दार. ते याला सांगा. पायाला.

भाची : चिकटला. ओढू नका त्याला, बाई, पडेल. तुमची फीत द्या. त्याच्या बुटासमोर रस्त्यावर आडवी टाका. समोर रेघ दिसली की कधीकधी पाय उचलला जातो.

पडदेवाली : ही घ्या. टाकली. ओलांडा, मास्तर.

मामा : आता मी माप घेऊन चालायचं.

पडदेवाली : चाला. पुढे दुसऱ्या टोकाने आणखी एक रेघ टाकते. हां. उचलला. बसा आता. आणि ही उशी घ्या, पुढे ठेवू नका.

मामा : पुढच्या सीटसाठी शिवलीत ना?

पडदेवाली : तुमच्यासाठी शिवली. सीटसाठी नाही.

भाची : ही किल्ली, बाई. माझा पाय बघा, ब्रेकवर.

मामा : टाच खाली टेकव. ब्रेकवर पाय ठेवायचा असतो, पाय विसरायचा नसतो. आणि तुम्ही, बाई, आरसा आधी. तो आंघोळ केल्यासारखा वर तोंड करून बसलाय. आभाळ बघणार आहात का?

पडदेवाली : केला सरळ.

मामा : क्लच हळू. अजून हळू. बाई, गाडीला उचकी लागली, पाणी पाजू का? निघा. दूधवाला पुढे गेल्यावर. त्याच्याबरोबर नाही, तो काही तुमचा पाहुणा नाही.

भाची : मामा, तिला चालवू दे.

मामा : मी कुठे चालवतो आहे? मागे बसलोय, सामानासारखा. दुसरा. तिसरा टाकायला मुहूर्त बघताय का?

पडदेवाली : टाकला.

मामा : हं.

पडदेवाली : सिग्नल लाल आहे, थांबते. इथून उजवीकडे वळून पूल ना, ताई?

भाची : उजवीकडे. मग सरळ.

पडदेवाली : डावीकडून सायकलवाला येतोय. जाऊ देते त्याला. आता वळते.

भाची : छान.

पडदेवाली : पूल उतरलो, मास्तर.

भाची : बाई, तुम्ही समोर बघा. मी बघते मागे.

पडदेवाली : ते काही बोलत नाहीत, ताई. चौक गेला, मी एवढी मोठी बस मागे टाकली, तरी बोलत नाहीत. मास्तर? झोपलात का?

मामा : समोर बघा, बाई. मी जागा आहे.